एक नंबर गोरी, चार नंबर सावळी

१० जून २००३, मंगळवार

ही वही लिहिण्याची पाळी अंबूबाई शेटे यांच्यामुळे आली. काल मंडळाच्या बैठकीत, एकोणीस बायकांसमोर, हातात पोह्यांची बशी धरून त्या म्हणाल्या, "रत्नाक्का, राग मानू नगासा, पण तुमचं काम फेअर न्हाय."

अंबूबाई मंडळाच्या अध्यक्षा. मी चिटणीस. वधू-वर नोंदवही चौदा वर्षे माझ्याकडे आहे. दर वर्षी दिवाळीआधी आपल्या समाजातल्या मुला-मुलींची सूची छापतो आणि मेळावा भरवतो. मागच्या सूचीत एकसष्ट मुली होत्या. रंगाच्या रकान्यात एकसष्ट वेळा 'Fair'. आईबापांनी फॉर्मवर लिहिले, मी उतरवले. मेळाव्यात कुरुंदवाडचे एक मामा सूची परत करायला आले. म्हणाले, "बाई, ह्यात समद्याच गोऱ्या. मग आमी काय नाणं उडवायचं?"

त्याचे खापर माझ्यावर. शिवाय मी आपल्या माणसांना झुकते माप देते, असेही कुणीतरी मागच्या रांगेतून म्हणाले. आवाज ओळखला आहे.

ठराव झाला: यंदा चिटणिसांनी प्रत्येक मुलगी समक्ष बघून रंग लिहावा. २१ सप्टेंबरला वार्षिक सभा. तोवर तक्रार आली तर नोंदवही अंबूबाईंच्या सुनेकडे, शिवांजलीकडे जाणार. तिच्याकडे कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटरला न्यायबुद्धी नसते. हे मी बैठकीत बोलले नाही. बोलायला हवे होते.

मी बी.ए. (इंग्रजी), सन १९५७. फेअर म्हणजे काय, हे मला अंबूबाईंनी शिकवू नये. आजपासून प्रत्येक पावलाची नोंद ठेवणार. ही वही कुणालाही दाखवायची नाही. २१ तारखेला गरज पडली तर दाखवायची.

११ जून, बुधवार

माळ्यावरून जाडा शब्दकोश काढला. कॉलेजात बक्षीस मिळालेला. वाळवीने A ते D खाल्ले आहे, F शाबूत.

Fair: न्याय्य. गोरा. स्वच्छ (नक्कल). वाजवी (दर). निरभ्र (हवा). बरा, मध्यम. आणखीही आहेत. मंडळातल्या एका बाईवर इतकी कामे टाकली असती तर तिने पोह्यांच्या आधीच राजीनामा दिला असता.

संकल्प: ही सूची प्रत्येक अर्थाने फेअर करणार. रंग अचूक, वागणूक न्याय्य, अक्षर स्वच्छ. फेअर कॉपी १५ जुलैपर्यंत तयार.

'बरा, मध्यम' हा अर्थ मात्र चुकून छापला असावा. छप्पन साली प्राध्यापकांनी माझ्या निबंधाखाली लाल शाईने Fair लिहिले होते. तो निबंध मी फ्रेम करून घेतला आहे. बाहेरच्या खोलीत आहे, कॅलेंडरच्या वर.

१४ जून, शनिवार

रंग मोजायचा कशाने? यांना विचारले. हे म्हणजे श्री. गुरुपाद हेब्बाळे, यजमान. चाळीस वर्षे गुळाची अडत केली, आता दुकान मुलाकडे देऊन कोडी सोडवतात. म्हणाले, "डोळ्यांनी." डोळे माणसागणिक वेगळे. माप एकच हवे.

दुपारी डबा घेऊन मार्केट यार्डात दुकानी गेले. मुलगा मृत्युंजय कुणाशी तरी फोनवर भांडत होता. आकाराम, आमचा तोलाईवाला, यांच्या वेळेपासूनचा माणूस, एका गिऱ्हाइकाला गूळ दाखवत होता. "ह्यो एक नंबर, पिवळाधमक. ह्यो दोन. ह्यो तीन. आन् ह्यो चार, काळपट, पर खायाला..." पुढचे मी ऐकलेच नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

गुळाचा भाव रंगावर ठरतो. अख्खा बाजार तो निवाडा मानतो, कुणी रडत नाही. आकारामकडून चारही नंबरांचे तुकडे कापून घेतले. आमच्याच शीतगृहातल्या मार्चच्या मालातले. कशासाठी ते सांगितले नाही. अशा माणसाला तत्त्व समजत नाही.

घरी येऊन मसाल्याचा डबा रिकामा केला. मोहरी, जिरे, हळद, तिखट कागदात बांधून ठेवले, चार वाट्यांत चार गूळ. एक नंबर गोरी. दोन नंबर निमगोरी. तीन नंबर गव्हाळ. चार नंबर सावळी.

रात्री आमटीला फोडणी नव्हती. हे तशीच जेवले आणि म्हणाले, "फेअर झालीय." यांना टोमणे मारता येत नाहीत, त्यामुळे कौतुकच असावे.

१७ जून, मंगळवार

नियम केले. सकाळी दहा ते अकरा, खिडकीचा उजेड. हात साबणाने धुतलेला. पावडर, क्रीम, हळद बाद. कोपराच्या आतली बाजू नमुन्याजवळ धरायची. मी म्हणेन ते अंतिम. नियमाला अपवाद नाही, मग मुलगी कुणाचीही असो.

१९ जून, गुरुवार

सुरुवात विरोधकांकडून, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. अंबूबाईंची पुतणी. मुलगी गुणी, बी.कॉम., स्वेटर चांगले विणते. हात डब्याजवळ धरला. तीन नंबर. तिच्यावर अन्याय नको म्हणून तीन वेळा बघितले. तिन्ही वेळा तीन नंबर. लिहिले: गव्हाळ.

अंबूबाई म्हणाल्या, "आवं, पोरगी हाय ती, गुळाची ढेप न्हवं!"

मी म्हटले, माप सर्वांना सारखे. चहा घेतला नाही. परीक्षकाने चहा घेऊ नये. बिस्किटे कोरडी असतात, ती चालतात.

मनात कसलाही आनंद नव्हता. घरी येऊन शिरा केला, तो घरात तूप जास्त झाले होते म्हणून.

२६ जून, गुरुवार

गंगावेशीत एका घरी विचित्र प्रकार. मुलगी हात धुवायला आत गेली. तिचे आजोबा, वय नव्वदच्या पुढे, सोप्यात बसलेले. मी डबा उघडून ठेवला. लग्नाच्या मुलीच्या घरी कुणी बाई गूळ घेऊन आली म्हटल्यावर म्हाताऱ्याने एक नंबर उचलून तोंडात टाकला, हात जोडले आणि आत ओरडला, "अगं, सोयरीक जमली! तोंड गोड केलं पावण्यांनी!"

पाच मिनिटांत शेजारच्या बायका कुंकू घेऊन हजर. मुलीची आई माझ्या पाया पडली. मुलगा कुठला म्हणून विचारू लागली. मी सांगितले, मुलगा नाही, नुसता गूळ आहे. त्यावर ती रडायला लागली. मुलगी मात्र आतल्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती, ती रडत नव्हती, हे मी पाहिले.

आकारामने त्याच मालातला दुसरा तुकडा दिला. नुसता डब्याकडे आणि माझ्याकडे बघत राहिला.

३० जून, सोमवार

बावीस मुली झाल्या. एक नंबर: १. दोन नंबर: ४. बाकी तीन आणि चार. अकरा घरांतून फोन. एका आईने सांगितले की तिच्या मुलीला परवा ऊन लागले होते. पावसात. दुसरीने आजोळचा पुरावा दिला. मी सर्वांना एकच उत्तर दिले: गुळाला विचारा.

फेअर कॉपी उद्यापासून.

४ जुलै, शुक्रवार

फेअर कॉपी सुरू करता आली नाही. रॉकेल आणायचे होते. रास्त भावाच्या दुकानाच्या पाटीवर इंग्रजीत Fair Price Shop लिहिलेले आज नीट वाचले. बघा, तोच शब्द. रांग कोपऱ्यापर्यंत. दुकानदाराने मला ओळखून पुढे बोलावले. मी गेले. मागून एक बाई म्हणाली, "आमी काय हितं हवा खायाला उभारलोय व्हय?" तिला समजावले असते, पण कॅन जड होता. माझे वय आणि समाजकार्य पाहता ते वाजवीच होते.

१३ जुलै, रविवार

शांभवी आली. माझी नात, मृत्युंजयची थोरली. एम.एस्सी. करून वारणानगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, सुट्टीला घरी येते. आजच्या पिढीत एवढी हुशार आणि देखणी मुलगी मी पाहिली नाही. हे मी आजी म्हणून लिहीत नाही.

तिने डबा उघडला. सर्व ऐकून घेतले. मग म्हणाली, "अज्जी, रकानाच काढून टाक की."

मी म्हटले, प्रश्न अवघड म्हणून कोराच पेपर देऊन उठायचे काय?

म्हणाली, "आमच्याकडे पण रंग मोजतात, यंत्रावर. पण साखरेचा. आणि विकायची असते म्हणून." थोड्या वेळाने पुन्हा: "माझा फॉर्म भरू नकोस हं. मला त्या सूचीत यायचं नाही. सांगून ठेवते."

मी हो म्हटले. हो म्हणजे ऐकले.

जाताना निबंधाच्या फ्रेमपाशी थांबली. "अज्जी, हे Fair म्हणजे, एक्सलंट, गुड, मग फेअर. म्हणजे बराय." मी तिला सांगितले की आमच्या काळी प्राध्यापक मोजके बोलत. आतून हे खोकले. यांना सर्दी झाली असावी.

१५ जुलै, मंगळवार

फेअर कॉपीची मुदत आज. नवीन वही आणली, समास आखले. शाई पसरते. हवा दमट. मुदत ३१ जुलै केली.

२ ऑगस्ट, शनिवार

चांगली बातमी. निकाल सुधारत आहेत. या आठवड्यात सात मुली पाहिल्या. एक नंबर: ५. दोन नंबर: २. चार नंबर एकही नाही.

विचार केला. कारण सापडले. पावसाळ्यात मुली उन्हात हिंडत नाहीत, रंग उजळतो. जूनमधल्या मुलींना हा फायदा मिळाला नाही हे खरे, पण परीक्षेला कुणी आधी बसते, कुणी नंतर. त्याला इलाज नाही.

डबा जरा चिकट झाला आहे. तळाशी पाक. पुसून घेतला. मुंग्या: दोन वेळा.

११ ऑगस्ट, सोमवार

आणखी नऊ. नऊच्या नऊ एक नंबर. एका आईने माझ्या हातावर पेढा ठेवला. "इतक्या वर्सांत पैल्यांदाच कुनीतरी खरं लिवलं बगा." आता माझ्या कामाची कीर्ती पसरते आहे. पेढा नाकारला. तिने पुडीत बांधून दिला, तो यांच्यासाठी आणला. हे गोड खात नाहीत.

फेअर कॉपी: साडेतीन पाने. अक्षर उत्तम.

१७ ऑगस्ट, रविवार, दुपारी २

शांभवी जेवून झोपली आहे. पंख्याखाली, उजवा हात चादरीबाहेर. मी सहज डबा घेऊन गेले.

एक नंबर. तंतोतंत. वाटीतला गूळ आणि तिचा हात, कुठे हात संपतो कळेना.

वेळ दहा ते अकराची नव्हती आणि हात धुतलेला नव्हता, पण तिने जेवताना धुतला होता. खिडकीचा पडदा ओढलेला होता, पण मला दिसते. नियम हे ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांच्यासाठी असतात.

मी कधीपासून म्हणते आहे! पाळण्यात होती तेव्हापासून माझी गोरीगोमटी. सूनबाई नुसती हसायची. आज मापाने सिद्ध झाले, माझ्या बोलण्याने नव्हे.

तिचा फॉर्म भरला. नोंदवहीत अनुक्रमांक ५३. रंग: गोरी. सही तिच्या वतीने मी केली. ती नाही म्हणाली होती ते जुलैत.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आकाराम घरी गणपतीसाठी गूळ-खोबरे घेऊन आला. डबा ओट्यावर होता. त्याने झाकण उघडले आणि बघत राहिला. म्हणाला, "आक्का, ह्यो कुठला माल?"

तूच दिलेला, मी म्हटले. हा एक नंबर.

"ह्यो?" असे म्हणून तो हसला. हसताना चेहरा दिसू नये म्हणून त्याने टोपी पुढे ओढली, पण खांदे हलत होते. "आवं, पावसाळी हवा लागली की गूळ काळा पडतोय की! म्हून तर आपुन शीतगृहात ठेवतो. धनी सांगतील की तुमास्नी." त्याने पिशवीतून आजच शीतगृहातून काढलेला एक नंबरचा तुकडा माझ्या एक नंबराशेजारी ठेवला.

माझा एक नंबर हा त्याच्या तीन आणि चारच्या मध्ये कुठेतरी होता.

यांना विचारले. चाळीस वर्षे गुळात घालवलेला माणूस म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत असेल. तुझंही लग्न गुळातच झालंय."

माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असण्याची शक्यता आहे. उद्या डोळे तपासून घेणार.

२७ ऑगस्ट, बुधवार

नंबर वाढलेला नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

शांत डोक्याने विचार केला. जूनच्या बावीस मुली ताज्या गुळाने मोजल्या, त्या बरोबर. पुढच्या एकतीस काळ्या पडलेल्या गुळाने मोजल्या, त्या एक-एक दोन-दोन नंबर वर चढल्या. त्यांतली शेवटची शांभवी.

संकल्प: ताजा गूळ रोज सकाळी शीतगृहातून आणायचा आणि एकतीसही पुन्हा मोजायच्या. दिवसाला तीन. अकरा दिवसांत काम संपते. आजपासूनच. कुणालाही सूट नाही.

संध्याकाळी: गुडघा दुखतो आहे. उद्यापासून.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. या दिवसांत कुणाच्या घरी माप घेऊन जाणे बरे दिसत नाही. शांभवी आली होती. मोदक केले. तिला मोजले नाही, हातात पीठ होते. तिच्या.

९ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन झाले. पुन्हा मोजलेल्या मुली: ०. कारणे: गुडघा (चार दिवस), पाहुणे (दोन), पितृपक्ष येतो आहे.

असाही विचार आला की एकतीस घरे आता आनंदात आहेत. आनंद काढून घेणे हेही एक प्रकारे न्यायाला धरून नाही. शब्दकोश पाहिला. याबद्दल काही दिलेले नाही.

फेअर कॉपी: नऊ पाने. ५३ क्रमांकापर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे तिथे काय लिहायचे हा प्रश्न आज तरी नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

शांभवीला तिचा फॉर्म सापडला. ती पाकीट शोधत होती. मी तो ज्या पुस्तकात ठेवला होता ते पुस्तक या घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही असा माझा समज होता.

ओरडली असती तर मी उत्तर दिले असते. ती खाली बसली. फॉर्म गुडघ्यावर ठेवला. म्हणाली, "सही पण तूच केलीस."

मी म्हटले, अक्षर तुझ्यापेक्षा चांगले आले आहे.

"अज्जी, रंग काय लिहिलायस बघ."

मी मापाबद्दल सांगायला लागले. तिने डबा आणला. आकारामने दिलेला ताजा तुकडा वेगळ्या डबीत घट्ट बंद होता, तोही आणला. स्वतःच हात धुतला, साबणाने. खिडकीशी गेली. सकाळचे साडेदहा वाजले होते. सगळे नियम पाळले तिने. हात तुकड्यापाशी धरला.

मी पाहिले. आकारामच्या तुकड्याकडे पाहिले, मग आणखी कुठेतरी पाहिले.

"मी सावळी आहे," ती म्हणाली. "शाळेत पहिल्याच दिवशी कळलं मला. बाईंनी नाटकात ढग केलं होतं. घरी येऊन तुला विचारलं तर तू म्हणालीस, बाईंना चष्मा लागलाय."

लागलाच असणार त्यांना.

ती म्हणाली, "मला त्याचं काही नाही गं. तू लिहून दिलंस ना, त्याचं आहे. उद्या कुणी बघायला येईल, दारात मला बघून त्याचा चेहरा पडेल. तो चेहरा मला बघायला लागेल, तुला नाही."

फॉर्म फाडला नाही. घडी करून पर्समध्ये ठेवला. संध्याकाळच्या बसने गेली. जेवणाचा डबा नेला नाही, शेंगदाण्याची चटणी पण नेली नाही.

तिला गोरी म्हणण्यात माझी चूक झाली, असे मला वाटत नाही. नमुना चुकला.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्या सभा. संकल्प: सर्व खरे सांगणार. जूनच्या आणि ऑगस्टच्या गुळातला फरक, शांभवीचा फॉर्म, सही, सगळे. जी बाई इतरांना फेअर म्हणवते तिने आधी स्वतः असावे.

दुपारी: गुळाचे सांगणार. सहीचे सांगायची गरज नाही.

संध्याकाळी: कुणी विचारले तर सांगणार.

२१ सप्टेंबर, रविवार

कुणी विचारायची वाट पाहावी लागली नाही.

अंबूबाई आल्या त्या पुतणीला घेऊन. म्हणाल्या, "रत्नाक्का, तुमचा डबा उघडा बगू." उघडला. त्यांनी पुतणीचा हात एक नंबरापाशी धरला. तसाच खिडकीचा उजेड, तेच माप. मुलगी एक नंबराहून उजळ.

"जूनात गव्हाळ, सप्टेंबरात गोरी! मदल्या मदी काय मलम लावलं काय आमच्या पोरीनं?" मग पिशवीतून स्वतःच्या दुकानचा ताजा गूळ काढून टेबलावर ठेवला. "आवं, हितं बसलेल्या समद्या गुळाच्या घरातल्या! पावसात गुळाला पानी सुटतंय, त्यो काळा पडतोय, ह्ये आमचं शेंबडं पोरगंबी सांगंल. बी.ए.ला शिकिवत न्हाईत वाटतं?"

एकोणीस बायका हसल्या. काही नेहमीपेक्षा जास्त. ज्यांच्या मुली ऑगस्टच्या होत्या त्या कमी हसल्या.

शिवांजली कच्ची नोंदवही चाळत होती. शेवटचे पान वाचून तिने मान वर केली. "त्रेपन्न नंबर. शांभवी मृत्युंजय हेब्बाळे. गोरी."

मग हसणे थांबले. शांभवीला सगळे ओळखतात. ती मागच्या रांगेत येऊन बसली होती, हे मला तेव्हा दिसले. मला वाटले होते ती वारणानगरला आहे.

मी उभी राहिले. गुळाचे सांगायचे होते, तयारी केली होती, कागदावर मुद्दे होते. तोंडातून आले ते एवढेच: "मला ती तशीच दिसते."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होईना, तिचा आवाज.

अंबूबाई खुर्चीत बसल्या. हळू बोलायची त्यांना सवय नाही, पण बोलल्या. "मलाबी माझी तशीच दिसती की, आक्का. म्हून तर फॉरमात लिवलं हुतं."

नंतर शांभवीने रंगाचा रकाना काढून टाकण्याचा ठराव मांडला. अनुमोदन अंबूबाईंच्या पुतणीने दिले. बाजूने एकोणीस, विरुद्ध एक. विरुद्ध मी होते. एकमताने झालेले ठराव टिकत नाहीत, म्हणून.

दुसरा ठराव नोंदवहीचा. त्याची नोंद मंडळाच्या इतिवृत्तात आहे, इथे पुन्हा लिहायची गरज नाही.

घरी येताना शांभवीने माझी पिशवी घेतली. कोपऱ्यावर विचारले, "चटणी आहे का अजून?" आहे म्हटले.

२२ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ११

शिवांजली रिक्षा घेऊन आली. खालील वस्तू तिच्या ताब्यात दिल्या.

कच्ची नोंदवही, चौदा वर्षांची, पाने सर्व. फेअर कॉपी, लिहिलेली पाने नऊ, कोरी एक्याण्णव. समास मात्र सगळीकडे आखलेले आहेत. मंडळाचा शिक्का आणि शाईची गादी, गादी वाळलेली. फॉर्म बावन्न. त्रेपन्नावा उमेदवाराने स्वतः परत घेतला, तो माझ्याकडे नाही. एकतीस आयांना रकाना गेल्याचे कळवण्याचे कामही दिले. ते मी केले असते, पण आता अधिकार नाही.

सर्व तपासून तिने पावती लिहून दिली. पावती कॉम्प्युटरवर नव्हती, हाताने लिहिलेली होती. अक्षर बरे आहे. मध्यम.

शब्दकोश दिला नाही, तो माझा आहे. मसाल्याचा डबाही दिला नाही. धुऊन मोहरी-जिरे परत भरले. आज आमटीला फोडणी दिली.

गुळाचे नमुने: चार. देता आले नाहीत. काल सभेनंतर चहाच्या वेळी डबा टेबलावर उघडाच राहिला होता आणि बायका बोलता बोलता शेंगदाण्यांबरोबर खात होत्या. मी बघितले तेव्हा एक, दोन आणि तीन यांतले थोडे थोडे शिल्लक होते.

चार नंबरची वाटी सगळ्यांत आधी रिकामी झाली होती. तिच्यातला शेवटचा तुकडा मीच खाल्ला होता.